अनुभव धागा : कुठल्या जॅझ अल्बमने तुमचा कान धरला?

खर्डेघाशा, पुणे

जॅझ ऐकणारा मराठी माणूस आपण एकटेच आहोत असं धरून चालतो. घरात कोणी ऐकत नाही, ऑफिसात बोलायची सोय नाही, आणि सवाईच्या मांडवात विषय काढला तर ‘हो का, वा’ म्हणून मंडळी पुन्हा चहाकडे वळतात. म्हणून हा धागा. विनंती एकच, ‘जगातले शंभर सर्वोत्तम’ छापाच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. एकच अल्बम घ्या. तो तुमच्यापर्यंत कसा आला आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या जागेवर तुम्ही अडकलात, ते सांगा.

सुरुवात मीच करतो, तीही सर्वांत गुळगुळीत नावाने : ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. चुलतभावाने परदेशी जाताना सीड्यांचं एक खोकं माझ्या गळ्यात मारलं, त्यात हा होता. तोवर माझी समजूत अशी की जॅझ म्हणजे भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्सचं गणित, आपलं काम नव्हे. ‘सो व्हॉट’मध्ये मात्र माणसं एका ठिकाणी ठिय्या देऊन बसलेली. सोळा बार (म्हणजे तालाची आवर्तनं) एकाच सप्तकात, पुढचे आठ बार तेच सगळं अर्ध्या स्वराने वर, मग परत आठ बार मूळ जागी. स्वर बघितले तर कोमल गंधार, कोमल निषाद, म्हणजे आपला काफी थाटच की!

आणि अडकण्याची जागा : बास आणि बाकीच्यांचे सवालजवाब संपतात, माइल्सचा सोलो सुरू होतो, त्या क्षणी ड्रमर जिमी कॉबचा झांजेवर एक सणसणीत ठोका पडतो. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता, तिथे हे रेकॉर्डिंग झालं. छत उंच असल्याने तो झणकार लवकर विरत नाही, आणि माइल्सलाही मुळीच घाई नाही. हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर हा ठोका नुसता ‘च्यक’ होतो.

पेटीवाला

वरच्या अल्बमबद्दल एक गंमत. माझ्याकडे वडिलांची जुनी एलपी आहे. ‘सो व्हॉट’ पेटीवर वाजवायला बसलो तर सूर लागेना. रेकॉर्ड किंचित चढी. पांढरी दोन ते पांढरी तीन सगळं करून झालं, शेवटी पेटी दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, ‘मास्तर, पेटी ठणठणीत आहे.’ मजा म्हणजे रेकॉर्ड उलटली की ‘ऑल ब्लूज’शी पेटी चोख जुळायची.

उलगडा पुष्कळ वर्षांनी झाला. रेकॉर्डिंग दोन बैठकांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल. पहिल्या दिवशी टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढणारच. पहिल्या बाजूच्या तिन्ही चीजा त्या दिवसाच्या. १९९२ च्या आवृत्तीत ही चूक सुधारली. तोवर तीसेक वर्षं जगभरची पोरं त्या रेकॉर्डबरोबर वाजवायला बसून आपलंच वाद्य पिळत असणार.

तिहाई, ठाणे

मी तबला शिकते. ‘टेक फाइव्ह’ कोणीतरी सांगेलच, म्हणून मी डेव्ह ब्रुबेकच्या त्याच ‘टाइम आउट’मधली (१९५९) पहिली चीज घेते, ‘ब्लू राँडो अ ला तुर्क’. मात्रा नऊ, पण तीन-तीन-तीन नाहीत. दोन-दोन-दोन-तीन. असं तीनदा, आणि चौथ्या आवर्तनाला तीन-तीन-तीन. आधी हातावर टाळी देऊन मोजा, मग रेकॉर्ड लावा. पहिल्या झटक्यात चौथ्या आवर्तनाला सम सापडली तर मला कळवा, गंडा बांधायला येते.

ही लय ब्रुबेकने इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकली. १९५८ मध्ये अमेरिकी सरकारने त्याच्या चौकडीला दौऱ्यावर पाठवलं होतं, त्याच दौऱ्यात ते भारतातही आले. जो मोरेलो हा त्याचा ड्रमर मद्रासला मृदंगवादक पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्यासमोर बसला होता. हे वाचल्यावर मी ‘टेक फाइव्ह’मधला मोरेलोचा सोलो पुन्हा ऐकला. पियानो पाच मात्रांचा लेहरा धरून बसतो आणि हा वर मोकळा फिरतो. किती कमी वाजवतो पहा! आमच्या क्लासातली मुलं पाच मात्रा मिळाल्या की पन्नास बोल कोंबतात.

ज्यांना यापुढचं हवं त्यांनी डॉन एलिसचं माँटेरेचं १९६६ चं रेकॉर्डिंग शोधा. एका चीजेचं नावच ‘३३ २२२ १ २२२’ आहे, बेरीज करा, एकोणीस. हा गडी लॉस एंजेलिसमध्ये हरिहर राव यांच्याकडे आपले ताल शिकला. अख्खा ब्रास ऑर्केस्ट्रा एकोणीस मात्रांत एकदम समेवर येतो तेव्हा हसूच फुटतं.

आप्पा, दादर

मंडळी, आमच्या वेळी अल्बम वगैरे चैन नव्हती. शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं, विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक खर्जातल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायचा. इंग्रजी न येणाऱ्यालाही समजावं म्हणून तो मुद्दाम सावकाश बोले. आवाज येई, जाई, मधेच भलतंच स्टेशन घुसे. त्या खरखरीतून मी सॉनी रोलिन्स ऐकला. ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ (१९५६) मधलं ‘सेंट थॉमस’. नाचती चाल, रोलिन्सने आपल्या आईकडून ऐकलेली.

नंतर १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्यावर. आणि समोर साक्षात रोलिन्स! मी मागच्या रांगेत उभा होतो. एकच तान तो इतक्या बाजूंनी उलटीपालटी करत होता की शेजारचा अनोळखी पारशी गृहस्थ माझा दंड धरून ‘साला, छोडता नहीं, छोडता नहीं’ म्हणत राहिला.

या माणसाचं मला सर्वांत काय आवडतं सांगू? १९५९ मध्ये, नाव शिखरावर असताना, त्याने कार्यक्रम बंद केले आणि दोन वर्षं न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज केला. परतल्यावरच्या अल्बमचं नाव ‘द ब्रिज’ (१९६२). पुढे साठच्या दशकाअखेर आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला. माझी शिफारस ‘द ब्रिज’चीच. त्यात पियानो नाही, जिम हॉलची गिटार आहे, त्यामुळे सॅक्सोफोनभोवती हवा खेळती राहते.

रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि मैफली थांबल्या. रुग्णालयं जवळ आहेत, कारण पटतं. तरी चुटपूट लागतेच.

कडकलक्ष्मी

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. जॅझ म्हणजे पाच जण एकाच वेळी आपापलं वाजवतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. नवऱ्याने एकदा ऑर्नेट कोलमन लावला, मी मिक्सर लावून चटणी वाटली. काय आवडतं तुम्हाला यात?

खर्डेघाशा

ताई, पहिल्याच घासाला कोलमन! नवऱ्याला दंड करा. ‘एला अँड लुई’ (१९५६) ऐका. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, मागे ऑस्कर पीटरसन मंडळी. स्वच्छ गाणी, शब्द कळतात, आणि ती गाताना तो आवंढासुद्धा जपून गिळतो.

सुसेगाद, म्हापसा

आमच्याकडे जॅझचा ‘शोध’ लागत नाही, तो लग्नातच कानावर पडतो. गावच्या चर्चच्या शाळेत पोरं वाचायला शिकायच्या सुमारालाच सोल्फा (पाश्चात्त्य ‘सारेगम’) शिकायची, आणि ती नोटेशन वाचणारी पोरं मुंबईला हॉटेलांच्या बँडमध्ये लागायची. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ तिथे ‘चिक चॉकलेट’ झाला, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग. रात्री ताजमध्ये ट्रम्पेट, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत.

मराठी वाचकांनी त्याला ऐकलेलं आहे, फक्त नाव माहीत नाही. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर अण्णा, आणि भगवानदादांचा ‘अलबेला’ (१९५१). त्या संगीतात चिकचा हात आहे, आणि तो व त्याचा बँड पडद्यावरही दिसतात. भगवानदादांच्या पावलांकडून नजर काढा आणि एकदा फक्त ब्रास ऐका.

अल्बमच सांगायचा तर मी क्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या १९७१ च्या ‘बेबदो’वर बोट ठेवीन. शुद्धतावादी म्हणतील हा जॅझ नव्हे, कोंकणी पॉप. म्हणू देत. लॉर्ना ओळीच्या शेवटी आवाज चिरते ना, ती जागा कुठल्याही ब्लूज गायिकेसमोर ठेवा. माझी मावशी ते गाणं लागलं की हातातलं काम टाकून यायची आणि ओळ संपेपर्यंत कोणाला बोलू द्यायची नाही.

टर्नपाइक, न्यू जर्सी

माझा अल्बम जॉन कोलट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’. माझ्या कामाच्या ठिकाणाहून एंगलवुड क्लिफ्स जवळ आहे, रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ तिथला. हा मनुष्य मुळात चष्म्याचे नंबर काढणारा. आधी हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, तेही दवाखाना सांभाळून. ब्लू नोट या जॅझ कंपनीचे पन्नासच्या दशकातले कितीतरी अल्बम त्या बैठकीच्या खोलीतले आहेत. १९५९ मध्ये त्याने हा स्टुडिओ बांधला आणि ९ डिसेंबर १९६४ ला कोलट्रेनची चौकडी तिथे आली. चारही भाग त्या एका दिवसात.

पहिल्या भागातलं चार सुरांचं बासचं आवर्तन सगळ्यांना माहीत असतं. माझी जागा शेवटच्या भागात आहे, ‘साम’मध्ये (Psalm, म्हणजे स्तोत्र). अल्बमच्या आत कोलट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे. ती समोर धरून ऐका. सॅक्सोफोन तेच शब्द वाजवतो, अक्षराला अक्षर, ओळ संपली की सूर खाली उतरतो. मी हे कळण्याआधी कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि मला ते नुसतं ‘दुःखी आलाप’ वाटायचं. आता ओळी पाठ झाल्यात. आमच्याकडे आलेल्या सासूबाईंनी एकदा ऐकलं आणि विचारलं, ‘हा कुठलं स्तोत्र म्हणतोय?’ त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

मारवा, कोल्हापूर

मी शोभा गुर्टूंच्या ठुमऱ्यांवर वाढलेली. ताईंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू ‘कायतरी फिरंगी वाजवतात’ एवढंच ऐकून होते. मग ‘उस्फ्रेट’ (१९८८) हाती लागला. आईचा आवाज आणि मुलाचे ताल, शिवाय डॉन चेरीचा ट्रम्पेट आणि एल. शंकरचं व्हायोलिन. बेळगावच्या मातीतला तो भरीव आवाज त्या गलबल्यात जराही बावरत नाही. उलट बाकीचे त्यांच्या मागून सावरून चालतात.

त्रिलोकना प्रत्यक्ष वाजवताना पाहिलंत तर बादलीकडे लक्ष ठेवा. खरीखुरी पाण्याची बादली असते शेजारी. वाजवलेली झांज ते पाण्यात बुडवतात आणि तिचा सूर मींड घेतल्यासारखा घसरतो.

कडकलक्ष्मी

‘एला अँड लुई’ ऐकला. बरा आहे. बरा म्हणजे, परत लावला. पुढचा सांगा, कोलमन सोडून.

अबोल

कडकलक्ष्मी, तुम्हाला पियानोवाला बिल एव्हान्स. ‘संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’. २५ जून १९६१, रविवार, दिवसभरात पाच बैठका. मागे ग्लास वाजतात, कोणी खिदळतं, लोक चक्क गप्पा मारतात. आणि स्कॉट लाफारोचा बास पियानोच्या मागे न चालता त्याच्याशी बरोबरीने बोलतो. कोणी कोणाचं ऐकत नाही ही तुमची तक्रार इथे टिकणार नाही. लाफारो त्यानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, वय २५.

तिहाई, ठाणे

आप्पांच्या व्हॉइस ऑफ अमेरिकावरून आठवलं. पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोलट्रेन न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये २९ नोव्हेंबर १९५७ ला एकत्र वाजले, ते व्हॉइस ऑफ अमेरिकाने ध्वनिमुद्रित करून ठेवलं आणि टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून राहिल्या. २००५ मध्ये एका कर्मचाऱ्याच्या हाताला लागल्या. त्याच वर्षी अल्बम निघाला, आवाज लख्ख. आप्पा, जॅझ यात्रेत कोणी टेपरेकॉर्डर लपवून आणत होतं का हो?

आप्पा, दादर

आणत होते, नावं सांगणार नाही! माझ्याकडेही दोन-तीन कॅसेट माळ्यावर आहेत, पण बुरशी धरली आहे. प्लेअरमध्ये घालायचा धीर होत नाही. कोणाला हे साफ करून उतरवून घ्यायची माहिती असेल तर इथेच लिहा. कॅसेट कुरियरने पाठवणार नाही, दादरला यावं लागेल.