‘सगळा डेटा खुला आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा साक्री तालुक्यात यावं

साक्रीकर

काल आबांनी इथे लिहिलं की वीज क्षेत्राचा सगळा डेटा सरकारने खुला केलाय, आणि ज्यांना साधा तक्ता वाचता येत नाही तेच पारदर्शकतेच्या नावाने गळा काढतात. आज दुकानाचं शटर उघडल्यावर पहिलं काम म्हणून हे लिहायला बसलोय. गिऱ्हाईक थांबेल थोडा वेळ.

आबा, तक्ता मला वाचता येतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाचा रोजचा अक्षय ऊर्जेचा अहवाल उघडा. राज्यांची यादी, त्यात महाराष्ट्राची एक ओळ. पवन, सौर, इतर, बेरीज. दशलक्ष युनिटमध्ये. झालं. त्या एका ओळीत आमच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, सांगली-साताऱ्याच्या पवनचक्क्या आणि कुणाच्या गावकुसाबाहेरचा सौर प्रकल्प, सगळे एकत्र कालवलेले. त्यातून माझ्या तालुक्याचं काय कळणार?

आमच्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा, म्हणजे सरकारी वीजनिर्मिती कंपनीचा, सौर प्रकल्प आहे, 2013 पासून. पेपरात कायम ‘125 मेगावॉट’. ही क्षमता झाली, वीज नव्हे. वर्षभर चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर 109 कोटी युनिटच्या वर जाईल, पण रात्री सूर्य नसतो हे मंत्र्यांनाही माहीत असावं. दर ठरवताना सौरला पूर्ण क्षमतेच्या 19 टक्के वीज धरायची पद्धत होती, त्या हिशेबाने वर्षाला 20-21 कोटी युनिट. आता मला सांगा, पाचव्या वर्षी प्रत्यक्षात किती झाली? दहाव्या वर्षी? आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पॅनलवर हात ठेवता येत नाही, आणि पॅनल तापलं की उत्पादन उतरतं. किती उतरतं ते महिन्यावार, सुरुवातीपासून आजपर्यंत, एका जागी, बेरीज करता येईल अशा फाइलमध्ये दाखवा. पीडीएफ नको. स्कॅन केलेली, तिरकी, शिक्का मारलेली पीडीएफ तर अजिबात नको.

डोंगर आमचा, रस्ते आमचे फुटले, पाती आमच्या डोक्यावर फिरतात, आणि आकडा मुंबई-दिल्लीत बेरजेत विरघळतो. ह्याला तुम्ही खुला डेटा म्हणता?

दीपनगरचे आबा

मोटार रिवाइंडिंगवाले शेठ, सकाळी सकाळी बराच वेळ दिसतोय.

एक एक घेतो. महानिर्मितीच्या प्रकल्पाचे आकडे वीज नियामक आयोगासमोरच्या याचिकांत येतात. त्या जाहीर असतात. वाचायचा कंटाळा येत असेल तर तो आयोगाचा दोष नाही. दुसरं, पवन आणि सौर प्रकल्पांना आयोगाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे दर 15 मिनिटांचा अंदाज द्यावा लागतो. दिवसाचे 96 ब्लॉक, प्रत्येक पूलिंग सबस्टेशनचे, म्हणजे अनेक प्रकल्पांची वीज जिथे एकत्र येते त्याचे, वेगळे. अंदाज मर्यादेबाहेर चुकला तर पैसे भरायचे. तिसरं, महिन्याच्या शेवटी उत्पादक आणि वीज कंपनी दोघांसमोर जॉइंट मीटर रीडिंग होतं, पत्रकावर सह्या होतात. म्हणजे तुम्हाला वाटतं तसा अंधार नाही. एकेका युनिटचा हिशेब आहे.

हिशेब आहे म्हणजे तो चव्हाट्यावर टांगायचा असं नसतं. खाजगी उत्पादक आहेत, त्यांचे करार आहेत, बँकांची कर्जं आहेत. उद्या कुणाची पवनचक्की किती दिवस बंद होती हे जगजाहीर झालं तर तो पुढचं कर्ज कसं उचलणार? आणि ग्रिडची सुरक्षा हा काय पोरखेळ आहे?

शिवाय वाचणार कोण? आयोग दरवाढीआधी हरकती मागवतो. सुनावणीला उद्योगवाले येतात, पुण्या-मुंबईचे अभ्यासक येतात. खान्देशातून किती जण जातात? मी गेलोय, म्हणून विचारतो.

कोथरूडचा खान्देशी

आबा, नमस्कार. ‘वाचणार कोण’ हा प्रश्न डेटा लपवणारा प्रत्येक जण विचारतो. आधी टाका, मग बघू.

जर्मनीत 2019 पासून एक नोंदवही ऑनलाइन आहे. देशातला प्रत्येक वीजप्रकल्प त्यात नोंदवावा लागतो, अगदी बाल्कनीत टांगलेलं पॅनलसुद्धा. गाव, क्षमता, कधी सुरू झालं, सगळं. लहान घरगुती पॅनलचा नेमका पत्ता तेवढा झाकतात. कुणाचं कर्ज बुडालं नाही, ग्रिडही पडलं नाही. आपल्याकडेही 2012 पासून डेटा वाटपाचं राष्ट्रीय धोरण आहे. मी सुट्टीच्या दिवशी पीडीएफमधून आकडे उपसतो. एका महिन्यात रकाने सहा, पुढच्या महिन्यात सात, मध्येच कुणीतरी दोन खाने जोडून टाकलेले. माझी बायको विचारते, ह्याचे पैसे मिळतात का?

दीपनगरचे आबा

जर्मनीत पिकाला पाणी द्यायला रात्री दोनला काठी घेऊन जावं लागत नाही. तिथली उदाहरणं इथे चिकटवू नका.

बिनकामाचा

मंग आबा, आठे लाईट रातले येस, डेटा तरी दिनले येऊ द्या ना भो.

रावेरची केळी

तुमचं चालू द्या, पण आम्हाला डेटा ह्या शब्दाचीच धडकी भरते. सांगतो का ते.

आमच्या केळीचा विमा हवामानावर आहे. शेतात कुणी बघायला येत नाही. महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र सांगेल ते खरं. थंडीत सलग ठरलेले दिवस पारा ठरलेल्या आकड्याखाली गेला तरच पैसे. मागच्या एका हिवाळ्यात माझ्या बागेत घड खोडातच अडकले. ज्यांना केळी माहीत आहे त्यांना कळेल, घड अर्धा बाहेर येतो, मान मोडल्यासारखा वाकतो, फण्या चिकटून राहतात, व्यापारी हात लावत नाही. पाटाकडची अख्खी ओळ तशी. आणि मंडळाचा पारा म्हणे एका दिवशी जरासा वर होता, म्हणून साखळी तुटली. शेजारच्या मंडळाला मिळाले. दोन्ही मंडळांत एक नाला आडवा, बस.

ते केंद्र बघून आलो मी. एका बाजूला पत्र्याचं शेड, दुसऱ्या बाजूला बाभळी, बुडाशी गवत. दिवसभर तापलेल्या पत्र्याशेजारी रात्रीचा पारा काय सांगणार? रोजचे आकडे मागितले तर विमा कंपनीचा माणूस म्हणाला हंगाम संपल्यावर मिळतील. हंगाम संपल्यावर काय पूजा करू त्यांची?

बिनकामाचा

यावलकडेही हेच. आमच्या मामाचं केंद्र तर देवळाच्या भिंतीला खेटून होतं.

तापीकाठ

विम्याचा मुद्दा मोठा आहे दादा, पण ह्या धाग्यात जमिनीबद्दल अजून कुणी बोललं नाही ह्याचं नवल वाटतं. शिंदखेडा तालुक्यातली आहे मी. विखरणच्या धर्मा पाटलांना सगळे विसरले का? वीजप्रकल्पाला जमीन गेली, आधी औष्णिक म्हणाले, मग सौर. मोबदल्यात फरक का म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस हेलपाटे घालत राहिला आणि जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं त्यांनी. कुणाच्या जमिनीचं मूल्यांकन कसं झालं, झाडं-विहीर धरली की नाही, हा तक्ता पहिल्या दिवशी चावडीवर लावला असता तर?

आता शेतीपंपांना दिवसा वीज द्यायच्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी 3 टक्के वाढ. कागदावर चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण कुठलं गायरान गेलं, ठराव कधी झाला, त्यातून कुठल्या फीडरला, म्हणजे गावाकडे वीज नेणाऱ्या कुठल्या लाइनला, दिवसा वीज मिळाली, ह्याची गाववार यादी कुणी दाखवेल का? शेळ्यावाल्या बायांना कळतं ते कुंपण पडल्यावर.

रावेरची केळी

ताईंचं बरोबर आहे. पण माझं म्हणणं पुढे ऐका. वादळात केळी आडवी होते तेव्हाही हीच बोंब. वाऱ्याचा वेग केंद्रात कमी, बाग मात्र भुईसपाट. पवनचक्कीच्या डोक्यावर वारा मोजायचं यंत्र असतंच की! तो डेटा खुला करा, आम्ही विमा कंपनीच्या तोंडावर मारतो.

दीपनगरचे आबा

आता हद्द झाली. पवनचक्की साक्रीला, केळी रावेरला. मध्ये दीड-दोनशे किलोमीटर. त्यात पवनचक्कीचं यंत्र जमिनीपासून साठ-ऐंशी मीटरवर आणि पात्यांच्या मागे. हवामान खातं वारा मोजतं मोकळ्या जागी 10 मीटरवर. उंची वाढली की वेग वाढतो. तो आकडा तुम्ही विम्यात लावाल तर कंपनीचा वकील पाच मिनिटांत तुम्हाला घरी पाठवेल. हेच मी म्हणतोय. डेटा हातात दिला की लोक त्याचं असं भरीत करतात.

रावेरची केळी

भरीत आम्ही करतो, आबा? जिंदगी एसीत काढली आणि शेतकऱ्याला अक्कल शिकवता? माझा प्रश्न सोपा होता. वारा किती होता ते सरकारला माहीत, कंपनीला माहीत, फक्त ज्याची बाग पडली त्यालाच माहीत नाही.

दीपनगरचे आबा

एसी? दीपनगरच्या औष्णिक केंद्रात बॉयलरशेजारी मे महिन्यात पाळी केलीत का कधी? वीज मंडळ होतं तेव्हाचा माणूस आहे मी, 2005 मध्ये तुकडे व्हायच्या आधीचा. राख खाल्लीये. जिभेला आवर घाला.

तुमच्या हवामान केंद्राबद्दल बोलाल तर तुमचं खरं आहे. पत्र्याच्या शेडला लागून तापमापक ठेवणं हा गाढवपणा आहे, त्याला अभियंता असायची गरज नाही. यंत्राच्या जागेचा फोटो आणि रोजची नोंद त्याच दिवशी जाहीर व्हायला हवी. एवढं मान्य. वाऱ्याचं मान्य नाही.

कोथरूडचा खान्देशी

नोंद करून ठेवा, आबांनी काहीतरी खुलं करायला संमती दिली.

साक्रीकर

माझा धागा केळीत गेला, हरकत नाही. पण आबांच्या उत्तरातच माझं उत्तर आहे. 96 ब्लॉक आहेत, पूलिंग सबस्टेशनवार आहेत, सह्या केलेली पत्रकं आहेत. म्हणजे गोळा करायचा खर्च होऊन गेलाय. फक्त कपाटाची किल्ली द्यायची आहे. आणि कर्जाचं म्हणाल तर मी कुठे करारातला दर मागतोय? गेल्या महिन्याचे युनिट मागतोय. गेल्या महिन्याच्या युनिटने ग्रिडवर कोण हल्ला करणार?

दुसरी गोष्ट. माझ्याकडे जळालेल्या मोटारी येतात, त्याची वही आहे. तारीख, गाव, किती एचपी, कशाने जळाली. पंपाची मोटार कमी व्होल्टेजवर ओढली की जास्त करंट खेचते, वाइंडिंग काळं पडतं, वास दुकानाबाहेर येतो. एक फेज गेली तर वेगळं जळतं, गुंडाळ्यांचा ठरावीक भाग जळतो, उघडल्याबरोबर कळतं. शेतकरी म्हणतो लाईट खराब होती, कार्यालय म्हणतं पुरवठा सुरळीत होता. माझी वही शेतकऱ्याच्या बाजूने आहे, पण ती माझी वही. तिला कोण विचारतो?

कोथरूडचा खान्देशी

विचारतात, दादा. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने देशभर घरांत, दुकानांत यंत्रं बसवून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवलं आणि ते सगळं वेबसाइटवर खुलं ठेवलं. कुणीही बघावं. तुमची वही हे त्याचंच हाताने केलेलं काम आहे. फोटो पाठवा, मी एक्सेलमध्ये टाकतो.

तापीकाठ

पाठवा, पण शेतकऱ्यांची नावं झाका. थकबाकीवाल्याची मोटार जळाली तर त्यालाच नोटीस यायची.

दीपनगरचे आबा

ताईंनी ह्या धाग्यातलं पहिलं शहाणपणाचं वाक्य लिहिलं.

शेठ, तुमच्या वहीवर विश्वास ठेवायचा तर तिला जोड लागेल. 33/11 केव्ही सबस्टेशनमध्ये ऑपरेटर तासातासाला लॉगशीट भरतो. प्रत्येक फीडरचे अँपिअर, व्होल्टेज, ट्रिपिंग, म्हणजे लाइन आपोआप बंद पडली ती, किती वाजता, परत कधी चालू. काही ऑपरेटर पाळी संपताना एका दमात सगळं भरतात हेही मला ठाऊक आहे, सगळे रकाने एकाच शाईत आणि एकाच वळणात असले की ओळखायचं. पण ट्रिपिंगची वेळ सहसा खरी असते, कारण त्यावर फोन आलेले असतात. तुमच्या वहीतल्या तारखा आणि त्या ट्रिपिंग जुळल्या तर मी तुमच्या बाजूने बोलेन. जुळल्या नाहीत तर पुन्हा असा धागा काढायचा नाही.

बाकी कितीतरी पंपांना मीटर नाहीत, कृषी विक्रीचा मोठा भाग अंदाजाने लिहिला जातो, त्यावर आयोगाने कार्यगट नेमला होता, हे कुणीच काढलं नाहीत. मीच कशाला काढू.

साक्रीकर

काढलंत की!

लॉगशीट मागायची कशी ते सांगा. मी तोंडी गेलो होतो, साहेबांनी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

बिनकामाचा

चहा तरी भेटना. आमले तेबी नही.

दीपनगरचे आबा

माहिती अधिकारात अर्ज करा, 10 रुपये शुल्क. अमुक सबस्टेशन, अमुक कृषी फीडर, जून ते सप्टेंबर, लॉगशीटच्या आणि ट्रिपिंग रजिस्टरच्या प्रती. एवढंच. कलम 4 प्रमाणे ही माहिती स्वतःहून जाहीर का करत नाही वगैरे भाषण अर्जात नको, ते अपिलात करा. पवनचक्क्यांच्या जॉइंट मीटर रीडिंगसाठी वेगळा अर्ज. तो फेटाळतील, व्यापारी गोपनीयता म्हणून, कलम 8(1)(d). फेटाळू देत, लेखी कारण हाती येतं.

आणि ‘का’ विचारू नका. लाईट का गेली, व्होल्टेज का कमी होतं, असं लिहिलंत की खुलासा देणे बंधनकारक नाही म्हणून अर्ज परत येईल. प्रती मागायच्या, खुलासा नाही.

रावेरची केळी

हाच अर्ज हवामान केंद्राला कुठल्या कार्यालयात टाकायचा, तेवढं सांगा आबा. मघाचं मनावर घेऊ नका.

दीपनगरचे आबा

घेतलंय. जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात टाका. त्यांच्याकडे नसेल तर 5 दिवसांत पुढे पाठवायची जबाबदारी त्यांची, कलम 6(3). आणि केंद्राचा फोटो जोडा, शेडसकट.