मदत हवी आहे: दुसऱ्या फेरीच्या मुलाखतीत उलट प्रश्न आला की उत्तरावर ठाम राहता येत नाही

पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागातील पदासाठी माझी पहिली फेरी पार पडली असून दुसरी फेरी येत्या गुरुवारी, समोरासमोर, विभागप्रमुखांसह तिघांपुढे आहे. ४ वर्षांचा अनुभव आहे, जीएसटीचे काम रोजचे आहे आणि मुलाखत इंग्रजीत असली तरी भाषा अडत नाही. अडचण निराळी आहे. समोरच्याने "नक्की का?" असे विचारले, की बरोबर उत्तरही मला चुकीचे वाटू लागते, बोलण्याचा वेग वाढतो आणि मी ते बदलून टाकतो. पुरवठादाराने जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरणपत्र) मुदतीनंतर भरल्यास त्याचे बीजक पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये (खरेदीदारासाठी आपोआप तयार होणाऱ्या, खरेदीवरील कराच्या वजावटीच्या विवरणात) दिसते, हे दर महिन्याला पाहत असूनही पहिल्या फेरीत मी त्यावर डगमगलो, आणि आता तोच प्रश्न पुन्हा येईल असे वाटते.

उत्तरे लिहून पाठ केली, पण प्रश्नाचे शब्द बदलले की धागा सुटतो. बहिणीसमोर सराव केला. तिची भीती वाटत नसल्याने त्याचा उपयोग मर्यादितच. दीर्घ श्वसनाने बाहेर बसेपर्यंत बरे वाटते, आत गेल्यावर नाही. नोकरी चालू असल्यामुळे हाताशी फक्त संध्याकाळचा वेळ आहे, त्यामुळे शिकवणी वर्ग शक्य नाही.

हट्टी न वाटता उत्तरावर ठाम राहण्यासाठी अशा क्षणी आपण नेमके कोणते वाक्य वापरता, आणि "मला विचार करायला थोडा वेळ द्या" असे म्हटल्यास मुलाखत घेणारे ते कमकुवतपणाचे लक्षण मानतात का?