आस्क की लिसन? तमिळ भाषकांच्या इंग्रजीचे तुमचे अनुभव

चेन्नईत वेळच्चेरीला येऊन तीन वर्षं झाली. संध्याकाळी बिल्डिंगमधल्या मुलांचं इंग्रजी घेते. सातवीतल्या एकाने निबंधात लिहिलं, 'आय आस्क्ड साँग्ज इन द बस.' मी लाल रेघ मारली. पुढच्या आठवड्यात आणखी दोन वह्यांत तेच! मग ट्यूब पेटली. तमिळमध्ये 'केळु' म्हणजे ऐक आणि 'केळु' म्हणजेच विचार. 'पाट्टु केट्टेन', गाणं ऐकलं. 'टीचरकिट्ट केट्टेन', टीचरना विचारलं. आता रेघ मारण्याआधी मी विचारते, "कानाने की तोंडाने?" पोरं हसतात आणि स्वतःच खोडतात.

तमिळ मुलखात राहिलेल्यांनो, किस्से येऊ द्या. नुसती चेष्टा नको, चुकीचं मूळ सापडलं असेल तर तेही लिहा.

— कोइमतूर, पंपांचा धंदा. गोडाउनमधल्या पोराला फोनवर म्हणालो, "टेन पंप्स बॅक." म्हणजे गिऱ्हाइकाकडून दहा परत येतायत. त्याने दहा नवे पॅक करून ठेवले. तमिळ लिपीत प आणि ब यांना एकच अक्षर. उच्चार जागेवरून ठरतो. साप म्हणजे 'पांबु', त्यात दोन्हीकडे तेच अक्षर, पण शब्दाच्या सुरुवातीला प आणि अनुनासिकानंतर ब. क-ग, त-द यांचंही तसंच, त्यामुळे कोट आणि गोट यांचाही घोळ. मी आता 'रिटर्न' म्हणतो. सुटलो.

— आम्ही तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या काळात, सतराव्या शतकात पूर्वज इकडे आले. घरात मराठी असल्याने प-ब कधी अडले नाहीत, पण शाळा तमिळ, आणि 'पडि' म्हणजे वाच आणि शिक दोन्ही. पुण्यात मुलाखतीत मी म्हणालो, "आय रेड बीकॉम." समोरचे गालात हसले. ऑक्सफर्डात अजूनही विषय 'रीड'च करतात, हे मला फार उशिरा कळलं, नाहीतर तिथेच सुनावलं असतं.

— सासर मदुराईचं. सासूबाई पाहुण्यांना "ईट कॉफी" म्हणतात, कारण 'साप्पिडुंग' जेवणालाही चालतं आणि कॉफीलाही. मी सुधारणं सोडून दिलं.

— पदव्युत्तर शिक्षणासाठी तमिळनाडूत होते. ओपीडीत एक आजोबा, सोबत नात. मला तमिळ येईना, तिचं इंग्रजी बेताचं. म्हणाली, "यिअर पेन." तमिळमध्ये सुरुवातीच्या इ-ए ला बोलताना य चिकटतो, हे तेव्हा कुठे ठाऊक! मला वाटलं, दुखणं जुनं आहे. विचारलं, "हाऊ मेनी यिअर्स?" तिने दोन बोटं दाखवली. केसपेपरवर 'दोन वर्षांपासून वेदना' लिहिलं आणि कुठे दुखतंय म्हणून पोट दाबू लागले. आजोबांनी माझा हात धरला आणि आधी उजव्या कानाला लावला, मग डाव्या.