पंखांचा आवाज: नुसती फडफड?

"कबुतरांच्या पंखांचा आवाज म्हणजे उडताना होणारी नुसती फडफड, त्यात संवाद कसला?" असं कुणीतरी म्हटलंय. सुरुवात तशीच झाली असणार, हे मान्य. पण ऑस्ट्रेलियातल्या तुरेवाल्या कबुतराचं प्रकरण बघा. त्याच्या पंखातलं एक मोठं पीस, बाहेरून तिसरं, शेजारच्या पिसांपेक्षा चांगलंच अरुंद असतं आणि उडताना शिट्टी तेच वाजवतं. 2017 मध्ये संशोधकांनी काही कबुतरांचं नेमकं तेवढंच पीस काढलं आणि त्यांच्या घाबरून उडण्याचा आवाज इतरांना ऐकवला, तर ती बहुतेक वेळा जागची हललीच नाहीत. पीस शाबूत असलेल्यांचा आवाज ऐकून मात्र भुर्रकन पळाली. जीव वाचवायला पंख जोरात मारले की शिट्टीची लय आपोआप वाढते, त्यामुळे यात खोटं बोलणंही अवघड.

आमच्या कोथरूडच्या गॅलरीतल्या पारव्यांकडे (जाळी लावूनही येतातच मेले!) असं खास पीस नाही. तरी एकाने दचकून फाडफाड केलं की समोरच्या गच्चीवरची, मला न दिसलेलीसुद्धा, सगळी उठतात. ती आवाजाने उठतात की एकमेकांना बघून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.