नकाशावर "ग्रेड ५" कुणी लिहावं? पन्हाळा-मसाई-भुदरगडच्या गुहांपुरती चर्चा

कातळमाप (धागा सुरू करणारे)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा, मसाई पठार, भुदरगड या पट्ट्यातल्या गुहांचे आणि लेण्यांचे नकाशे हल्ली व्हॉट्सॲपवर बरेच फिरतात. नकाशे होताहेत ते चांगलंच. पण निम्म्यांच्या कोपऱ्यात "बीसीआरए ग्रेड ५" असा शिक्का असतो आणि कंपास कुठं तपासला, कधी तपासला याची एक ओळसुद्धा नसते.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशनच्या (बीसीआरए) पद्धतीत ग्रेड १ म्हणजे काहीही न मोजता काढलेलं रेखाटन. ग्रेड ३ ला आडवे-उभे कोन ±२.५ अंशांत, अंतर ±५० सेंमीत आणि स्टेशनची (मोजणीच्या बिंदूची) जागा ५० सेंमीच्या आत लागते. ग्रेड ५ ला कोन ±१ अंश, अंतराची नोंद सेंटिमीटरपर्यंत, स्टेशन १० सेंमीच्या आत. ग्रेड ६ ला अर्धा अंश आणि २.५ सेंमी, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर ट्रायपॉड किंवा पक्की खूण आलीच. थिओडोलाइट किंवा टोटल स्टेशन (ट्रायपॉडवरची, कंपासशिवाय कोन मोजणारी यंत्रं) वापरलं तर ग्रेड एक्स. आकड्याशेजारचं ए ते डी हे अक्षर भिंती-छताचा तपशील कसा घेतला ते सांगतं.

१० मीटरच्या एका लेगवर (दोन स्टेशनांमधल्या एका सरळ मोजणीवर) १ अंश चुकला तर टोक साडेसतरा सेंमी सरकतं, २.५ अंश चुकले तर ४४ सेंमी. ग्रेड ३ आणि ५ मध्ये अंतर आहे ते एवढं. माझं म्हणणं सरळ आहे. यंत्र तपासल्याची नोंद नसेल तर नकाशावर ग्रेड ३ च लिहायची, यंत्र कितीही महागाचं असो.

डिस्टोवाला

नियम सुंटो कंपासच्या काळातले आहेत हो. डिस्टोएक्स २ ला, म्हणजे अंतर, दिशा आणि चढ एकदम मोजणाऱ्या लेसर यंत्राला, कॅलिब्रेशनचे ५६ शॉट घेतले (१४ दिशा, प्रत्येकीत यंत्र चार बाजूंनी फिरवून), चूक ०.५ च्या खाली आली, प्रत्येक लेगला तीन जुळणारे शॉट मारले, की ग्रेड ५ झाली. सगळा हिशोब टोपोड्रॉइड ॲपच्या फाइलमध्ये असतो. वेगळी नोंद आणखी कशाला?

कातळमाप

ते ५६ शॉट मारले कुठं, हे त्या फाइलमध्ये नसतं ना. बरेच जण स्लॅबच्या गच्चीवर किंवा हॉलमध्ये मारतात. आजूबाजूला सळई, गेट, दारातली गाडी. कधीकधी तरीही ०.५ च्या खाली आकडा येतो, कारण यंत्र एकाच जागी फिरवलं तर लोखंडानं वाकवलेलं क्षेत्र त्याला सगळीकडून सारखंच वाकडं दिसतं. ते आपापसात जुळलेलं असतं, खऱ्या उत्तरेशी नाही.

पंचगंगेकाठचं, ऊस तुटल्यावरचं मोकळं रान निवडा. खाली गाळाची जाड माती, खडक लांब. विजेचा खांब, मोटरीची पेटी, तारेचं कुंपण यांपासून निदान ३० मीटर दूर. तिथं चार-पाच लाकडी खुंट्या ठोकून प्रत्येक जोडीचं फोर बेअरिंग (पुढच्या खुंटीची दिशा) आणि बॅक बेअरिंग (तिथून उलट मागची दिशा) घ्या. मोहिमेआधी एकदा, नंतर एकदा. डिस्टोची बॅटरी बदलली असेल तर मागचं कॅलिब्रेशन विसरायचं, कारण नव्या बॅटरीचं स्वतःचं चुंबकत्व वेगळं असू शकतं.

जांभादगड

तुम्ही दोघेही यंत्राबद्दल बोलताय. यंत्र नदीकाठच्या रानात अगदी बरोबर आलं, तरी मोजायचं आहे बसाल्टात! हे ग्रेडचं कोष्टक चुनखडीच्या गुहा डोळ्यांसमोर ठेवून तयार झालं. चुनखडी कंपासला जवळजवळ दिसतच नाही. मेघालयात चुनखडीतच नव्हे, क्रेम पुरीसारख्या वालुकाश्मातल्या २४ किमीहून लांब गुहेतसुद्धा ±१ अंश ही अपेक्षा रास्त आहे. आपल्याकडच्या बसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. माथ्यावर वीज पडलेल्या जागी तर काटा कुठंच्या कुठं जातो. जांभ्यात बहुतेक लोह हेमटाइट-गोथाइटच्या रूपात असल्यामुळे त्रास तुलनेनं कमी, पण मॅगहेमाइट या चुंबकीय खनिजाचे ठिगळ कुठं लागतील ते सांगता येत नाही. म्हणजे पाच लेग छान येतात आणि सहावा चार अंशांनी गंडतो.

म्हणून या जिल्ह्यात कंपासनं केलेल्या नकाशावर ग्रेड ५ कुणीच लिहू नये, नोंद असो वा नसो.

डिस्टोवाला

कुणीच नाही? जरा जास्तच झालं. मग तपासणी करायची तरी कशासाठी?

ट्रॅव्हर्स तात्या

जांभादगड यांचं निदान बरोबर, औषध चुकीचं. लोकल अट्रॅक्शन, म्हणजे जवळच्या खडकानं किंवा लोखंडानं काटा ओढणं, हा पॉलिटेक्निकच्या सर्व्हेइंगमधला जुना धडा आहे आणि त्यावरचा उपायही तिथंच आहे.

प्रत्येक लेगचं दोन्ही टोकांवरून वाचन घ्या. दोहोंत बरोबर १८० चा फरक आला तर ती दोन्ही स्टेशनं साधारण स्वच्छ. १८० पासून २ अंशांहून जास्त फरक पडला तर दोहोंपैकी एक जागा बाधित. कोणती, ते पुढच्या-मागच्या लेगवरून कळतं. खात्री करायची असेल तर लेगच्या रेषेत दोरी ताणा आणि तिच्यावरच दोन-तीन जागी उभं राहून वाचन घ्या. रेषा तीच, म्हणजे आकडाही तोच यायला हवा. बदलला तर खडक खेचतोय. बसाल्टाच्या भिंतीपासून मीटरभर सरकलं तरी ही ओढ बरीच कमी होते, म्हणून स्टेशन भिंतीला चिकटून घेऊ नका. टेकायला सोयीचं पडतं म्हणून सगळे तिथंच घेतात.

बाधित जागीही एक गोष्ट शाबूत राहते. कंपास त्याच बिंदूवर धरला तर मागचं आणि पुढचं वाचन सारख्याच प्रमाणात वाकतं. म्हणून त्यांतला फरक, म्हणजे मधला कोन, खरा असतो. स्वच्छ स्टेशनवरून सुरुवात करून मधल्या कोनांनी पुढं चालत जायचं.

जांभादगड

तात्या, पद्धत बरोबर, पण तिची किंमतही सांगा. साध्या कंपास-ट्रॅव्हर्सला (लेगांच्या साखळीला) प्रत्येक लेग स्वतंत्रपणे उत्तर धरतो. एक चुकला तरी पुढच्याची दिशा बिघडत नाही. मधल्या कोनांनी चाललं की प्रत्येक चूक पुढच्या सगळ्यांना फिरवते. एका वाचनाची चूक १ अंश धरली तर दोन वाचनांच्या फरकाची १.४. २० स्टेशनांनंतर दिशेची चूक १.४ गुणिले २० चं वर्गमूळ, म्हणजे सहा अंशांच्या पुढं. ही ग्रेड ५?

ट्रॅव्हर्स तात्या

नाही, आणि तसं मी म्हटलंही नाही. सलग पाच-सहा बाधित स्टेशनांपुरतं हे चालतं, मध्ये एखादं स्वच्छ स्टेशन मिळालं की पुन्हा कंपासवर यायचं. अख्खी गुहाच बाधित असेल तर टोटल स्टेशन आणा आणि ग्रेड एक्स लिहा. लेण्यांना तर माझ्या मते तेच योग्य. तिथं उभं राहायला जागा असते आणि खांबांच्या रांगेत ५ सेंमीचा फरकही नकाशात डोळ्यांना खुपतो.

पण एक्स म्हणजे काय वाटेल ते नव्हे. यंत्र कोणतं, पद्धत कोणती आणि ग्रेड ३, ५, ६ च्या तुलनेत अंदाजे अचूकता किती, हे नकाशावर लिहिणं बंधनकारक आहे. नुसता एक्स लिहून भागत नाही.

लूपमास्तर

एवढा काथ्याकूट हवाच कशाला? ग्रेड ही मोजणाऱ्यानं स्वतःच स्वतःला दिलेली शाबासकी आहे. बीसीआरएची ग्रेड मिळवायला लूप बंद करावा (मोजत फिरून सुरुवातीच्या स्टेशनवर परत यावं) लागत नाही, हीच तिची मोठी उणीव. ग्रेड सोडा, क्लोजिंग एरर, म्हणजे परत आल्यावर उरलेला फरक, छापा. १८० मीटरच्या लूपला १.८ मीटर फरक म्हणजे १ टक्का, हे कुणालाही कळतं. सर्व्हेक्स या हिशोबाच्या प्रोग्रामची मूळ फाइल सोबत टाका, ज्याला शंका असेल त्यानं हिशोब करावा.

कातळमाप

फाइल टाकण्याला शंभर टक्के पाठिंबा. पण क्लोजिंग एरर तपासणीची जागा घेऊ शकत नाही. कंपास सगळीकडे सारखाच ५ अंशांनी चुकत असेल तर पूर्ण लूप ५ अंशांनी फिरतो आणि अगदी सुरेख बंद होतो. टेपचं टोक तुटून २० सेंमी गेली असली आणि लेग सारख्या लांबीचे असले, तर पूर्ण लूप फुगतो, तरीही बंद होतो. लूपमुळे पकडल्या जातात त्या ढोबळ चुका: ७३ चे ३७ लिहिले, क्लिनोमीटरचं (चढ मोजण्याच्या यंत्राचं) उणे-अधिक उलटं झालं, सुंटो पीएम-५ मध्ये अंशांऐवजी शेजारची टक्क्यांची पट्टी वाचली (२० अंशांचा चढ ३६ दिसतो). कायमची एकाच बाजूची चूक लूप लपवतो. नकाशा खराब करते ती हीच.

२५ लेग, प्रत्येकी १० मीटर धरा. प्रत्येकात इकडंतिकडं १ अंश चुकला तर शेवटी पाऊण-एक मीटर सरकतं, कारण चुका एकमेकींना खातात. सगळ्यांत एकाच बाजूला १ अंश चुकला तर सरळ मार्गावर ४.३६ मीटर.

मसाईकर

शिवाय लूप आणायचा कुठून? जांभ्याच्या गुहा बहुतेक एकतोंडी, पाच-पन्नास मीटर आत जाऊन बंद. लूप हवा असेल तर त्याच वाटेनं वेगळ्या स्टेशनांवरून परत मोजत यायचं. रांगत! कोण करतंय?

लूपमास्तर

करणारे करतात. पण कायमच्या चुकीचा मुद्दा मान्य. क्लोजिंग एरर आणि तपासणी, दोन्ही छापा. ग्रेड तरीही नको.

पाकोळी

आकड्यावरच सगळे भांडताय, अक्षराकडे कुणी बघत नाही. वटवाघळांच्या नोंदीसाठी ३डी (ग्रेड ३, अक्षर डी) मला ५बी पेक्षा जास्त उपयोगी. बी म्हणजे तपशील गुहेतच, पण नजरेच्या अंदाजानं. सी म्हणजे स्टेशनवरच डावं-उजवं-वर-खाली मोजलेलं. डी म्हणजे स्टेशनं सोडूनही जिथं गुहा रुंदावते, अरुंद होते तिथं मोजलेलं. थवा नेहमी दोन स्टेशनांच्या मधल्या घुमटात बसतो, आणि सी च्या नकाशात तो घुमट नसतोच. बेळगावकडच्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेसारख्या जागी, जिथं रॉटनचं दुर्मीळ वटवाघूळ आहे, छताचा आकार हाच नकाशाचा गाभा असायला हवा.

मात्र डी ला वेळ लागतो, आणि पिल्लांच्या काळात तेवढा वेळ आत थांबणं चूक. अशा दालनात सी वर थांबावं आणि नकाशावर तसं लिहावं. भिंतींवर रंगानं स्टेशनं काढणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही.

स्कॅनभाऊ

आयफोनचं लायडार (लेसर स्कॅनर) मारा की, घुमटासकट सगळं येतं. 😀

ट्रॅव्हर्स तात्या

साधारण ५ मीटरपर्यंतच दिसतं त्याला. लांब बोळात एक तुकडा दुसऱ्याला जोडताना वळण हळूहळू सरकत जातं, आणि अंधारात, ओल्या काळ्या कातळावर जोडणीला खुणा सापडत नाहीत. दालनाच्या तपशिलासाठी जरूर वापरा, पण मोजलेल्या स्टेशनांना बांधून. सांगाडा ट्रॅव्हर्सचाच.

मसाईकर

मूळ वादावर. व्हॉट्सॲपवर फिरतं ते फक्त कोष्टक. बीसीआरएनंच म्हटलंय की कोष्टक टिपांशिवाय छापू नका, आणि इथं नेमक्या टिपाच गाळल्या गेल्यात. एक टीप ग्रेड २ आणि ४ बद्दल आहे: गुहेतल्या भौतिक परिस्थितीमुळे वरच्या ग्रेडच्या सगळ्या अटी पुऱ्या करता आल्या नाहीत आणि पुन्हा मोजणं व्यवहार्य नसेल, तरच त्या वापरायच्या. बसाल्टाची ओढ ही भौतिक परिस्थिती नाही तर काय? यंत्र तपासलेलं, पद्धत ग्रेड ५ ची, पण खडकानं १ अंशात राहू दिलं नाही. ही सरळसरळ ग्रेड ४. तपासणीच केली नसेल त्याला मात्र ४ मिळत नाही. तो आळस झाला, परिस्थिती नव्हे.

जांभादगड

हे पटतं. पण ४ चा पल्ला फार मोठा आहे, ३ च्या जरा वरपासून ५ च्या जरा खालपर्यंत. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? आंतरराष्ट्रीय गुहाशास्त्र संघटनेची यूआयएस पद्धत बघा. तिथं मोजणीचा आकडा वेगळा, तपशिलाचा वेगळा, आणि लूप बंद केला का यासारखी जादा काळजी दाखवायला पुढं अक्षरं. ग्रेड ४ ला साधारण ५ टक्के आणि ५ ला २ टक्के अशी अपेक्षाही दिलेली आहे. नकाशाच उपलब्ध नसेल त्या गुहेला उणे १! भुदरगडच्या निम्म्या गुहा त्यातच बसतील.

कातळमाप

यूआयएसला माझा विरोध नाही, फक्त दोन पद्धतींचे आकडे मिसळू नका. दोन्हीकडं ४ आहे आणि अर्थ वेगळा आहे.

मसाईकरांचा मुद्दा घेऊन माझा प्रस्ताव बदलतो. तपासणी नाही: ग्रेड ३. तपासणी आहे, पण फोर-बॅकमध्ये २ अंशांहून जास्त फरकाची स्टेशनं आहेत: ग्रेड ४, आणि अशी स्टेशनं किती ते चौकटीत. उदाहरणार्थ: "बीसीआरए ४सी. तपासणी मोकळ्या रानात, मोहिमेआधी व नंतर. २२ पैकी ५ स्टेशनं बाधित, मधल्या कोनांनी सुधारली. दिक्पात लावलेला नाही." आपल्याकडं दिक्पात (चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक) जेमतेम अंशभर आहे, तरी लावला की नाही हे लिहाच. नाहीतर पुढचा माणूस दुसऱ्यांदा लावतो.

डिस्टोवाला

डिस्टोनं बॅकसाइट घ्यायची म्हणजे वेळ दुप्पट. बुटक्या जांभ्यात स्टेशनच्या मागं डोकं घालायलाही जागा नसते.

ट्रॅव्हर्स तात्या

डिस्टोला डोकं मागं घालावं लागत नाही, हाच तर त्याचा फायदा. एक सोडून एक स्टेशनवर उभं राहून मागं-पुढं शॉट मारले की वेळ दुप्पट होत नाही, पण मग प्रत्येक लेगला एकच दिशा मिळते आणि बाधा कळत नाही. म्हणून निदान दर चौथ्या लेगला दोन्हीकडून मारा, आणि तिथं फरक निघाला तर त्या तुकड्यातल्या सगळ्यांना. शॉट मारताना हेल्मेटवरचा दिवा, त्याचा बॅटरीचा डबा आणि चुंबकाच्या झाकणाचं मोबाइल कव्हर हातभर लांब ठेवा. निम्म्या वेळा दोष कातळाचा नसून कव्हरचा असतो.

जांभादगड

दर चौथा कमी पडेल. बसाल्टात दर दुसरा धरा, जांभ्यात चौथा चालेल.

लूपमास्तर

आणि एकतोंडी गुहेत शेवटून तोंडापर्यंत एकदा सलग उलटं मोजा. ग्रेड काय हवी ती लिहा मग.