मराठवाड्याच्या उघड्या रानात भयकथा उभी राहते का?

माळरान, परभणी

मराठी भयपटांवर बोलणं निघालं की एक मत हमखास ऐकू येतं: कोकणाशिवाय भीती नाही. गर्द झाडी, संततधार, कौलारू घर आणि परसात विहीर. 'तुंबाड' (२०१८) आल्यापासून हे मत पक्कंच झालं आहे. मला ते मान्य नाही. मराठवाड्यात घडणाऱ्या भयकथा फसतात, त्यात दोष जमिनीचा नाही. दुसरीकडचं सामान उचलून इथं मांडणाऱ्यांचा आहे. काळ्या रानात धुराचं मशीन लावून धुकं सोडलं तर ते खोटंच दिसणार.

इथली भीती उजेडातली आहे. 'भर बाराला विहिरीवर जाऊ नको, आसरा (पाण्यातल्या देवता) असतात' असं इथं म्हणतात, ते रात्रीबद्दल नाही. मे महिन्याच्या मध्यात लातूरपासून संभाजीनगरपर्यंत एकेका गावावर सूर्य अगदी डोक्यावर येतो. दुपारी बारा वीस-पंचवीसच्या सुमारास काठीची सावलीसुद्धा दिसत नाही. भुताला सावली नसते असं मानणाऱ्या गावात त्या मिनिटाला कोणालाच सावली नाही! पटकथाकाराला यापेक्षा काय हवं? छायाचित्रणाचाही फायदा आहे. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. एरवी त्या उजळायला खालून पांढरा रिफ्लेक्टर धरतात. तो धरूच नका. समोरचा माणूस बोलतोय, हसतोय, पण त्याचे डोळे दिसत नाहीत. यात व्हीएफएक्सचा एक रुपयाही खर्च नाही.

आता घर घ्या. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराला दगडमातीच्या जाड भिंती, खिडक्या जवळजवळ नाहीत, उजेड येतो तो सवण्यातून, छतातल्या झरोक्यातून. भिंतीतच बळद असतं: वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. रिकाम्या बळदात माणूस सहज मावतो. अंगणाखाली धान्य साठवायचं पेव असतं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने ऑक्सिजन संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून जाणती माणसं आधी कंदील सोडून बघतात. विझला तर कोणी उतरायचं नाही. भयकथेला जो नियम लागतो, तो इथं आयता आहे.

ढेळज, लातूर

माळरान, तुम्ही कोकणाचं सामान काढून मराठवाड्याचं मांडलंत. सामान बदललं म्हणजे भीती तयार होत नाही.

'तुंबाड' पावसामुळे भीतिदायक नाही. तो उभा आहे नियमावर. पिठाचं रिंगण, कणकेची बाहुली, हस्तर (त्यातला सोनं राखणारा राक्षस) बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून मुद्रा काढायच्या आणि वर यायचं. आधीच कळतं की हस्तरला काय हवं आणि तो कशाला घाबरतो. मग शेवटी लोभापायी एकाऐवजी ढीगभर बाहुल्या नेल्या जातात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर येतात. हा शेवट बाहेरून चिकटवलेला नाही, नियमाच्या पोटातून निघालेला आहे. तुमच्या पेवाला कंदिलाचा नियम आहे, हे कबूल. पण कंदील विझल्यावरही आत उतरायचा मोह कोणाला आणि कशासाठी? ते सांगितल्याशिवाय ती फक्त सुरक्षेची सूचना आहे.

उजेडाचंही तसंच. उघड्या रानात येणारा मैलावरून दिसतो, पात्राला पळायला वेळ मिळतो. 'मिडसोमार' (२०१९) भर उन्हात घडतो हे खरं, पण तिथं भीती उन्हाची नाही. सगळं गाव हसतमुखाने एका बाजूला आहे आणि पाहुणे एकटे आहेत, त्याची आहे. ऊन एक प्रसंग पेलतं. दोन तासांचा चित्रपट नाही पेलत.

ऊसफड, बीड

मोह कुणाला, असं विचारायलात. उत्तर एका शब्दाचं आहे: उचल.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या मध्यस्थाकडून, हंगामाआधीच पैसे उचललेले असतात. ते फिटेपर्यंत फडातून सुटका नाही, आणि नाही फिटले तर पुढच्या हंगामावर चढतात. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि गावात उरतात म्हातारी माणसं न् काही लेकरं. शाप, करार, न फिटणारं देणं हे परदेशी कादंबऱ्यांना सैतान आणून रचावं लागतं. आपल्याकडं त्याची वही असते.

आणि दिसण्याचं म्हणाल तर ढेळज, तुम्ही ऊस विसरलात. उभा ऊस दहा-बारा फूट, दोन सऱ्यांत चार-पाच फूट अंतर, पाचट वाळलेलं. आत शिरलं की दोन हातांपलीकडचं दिसत नाही आणि पाऊल टाकलं की आवाज होतो. तोड कडेनं सुरू होते, फड आत आत सरकत लहान होतो. आत लपलेलं जनावर शेवटच्या पट्ट्यात अडकतं. म्हणजे लपायची जागा तासातासाला आक्रसायलीय, तीही भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. प्रसंगाला घड्याळ लावायची वेगळी गरजच नाही.

'लपाछपी' (२०१७) नं ऊस वापरला, पण भूलभुलैया म्हणून. ऊस तसाच उभा राहतो, तोडीचा उपयोग पटकथा करत नाही. ही संधी गेली असं माझं ठाम मत आहे. शेवटाकडं पात्रं सगळं तोंडानं समजावून सांगायला लागतात तेव्हा तर भीती पार उतरते. तरीही मी त्या चित्रपटाच्या बाजूचा, कारण त्याचा विषय, मुलींना जन्मू न देण्याचा, हवेतला नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. त्याच दिग्दर्शकानं हिंदीत 'छोरी' (२०२१) केला, म्हणजे कथेत दम होताच.

ढेळज, लातूर

उचल हे उत्तर पटलं. पण मग फडातलं भूत कोणाचं? मुकादमाच्या मागं लागणारं, की कोयत्याच्या? पहिलं असेल तर ती सूडकथा झाली. प्रेक्षक भुताच्या बाजूने होतो आणि भीती संपते. 'लपाछपी'त थोडं हेच होतं.

गोदाकाठ, नांदेड

सगळे दिसण्यावर बोलताय, आवाजावर कोणीच नाही. मराठवाड्याकडं सगळ्यात मोठं भयाचं भांडवल आवाजाचं आहे. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, ही बातमी वर्षानुवर्षं येते. असा आवाज चित्रपटात करायचा तर तो खर्जातला हवा. आणि अडचण तिथंच आहे. मोबाइलच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेरच पडत नाही. थिएटरात खुर्ची हादरवणारा आवाज फोनवर नुसती शांतता होतो. आज बरेच भयपट फोनवर बघितले जातात, मग दिग्दर्शक दचकवणाऱ्या कर्कश आवाजावर येतात. अशा आवाजाने माणूस दचकतो, घाबरत नाही.

दचकवायचंच असेल तर १९४२ चा 'कॅट पीपल' बघा. बाई एकटी चालतेय, मागची पावलं थांबलेली, एकदम श्वापदाच्या फूत्कारासारखा आवाज येतो, आणि ती निघते बस! धोका काहीच नाही, पण प्रेक्षक हाललेला. आपल्याकडची बस म्हणजे विहिरीवरची मोटार. शेतीची लाइट रात्रपाळीला येते, स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, म्हणून लाइट आली की मोटार कोणी हात न लावता सुरू होते. अंधाऱ्या रानात अचानक पाणी पडायला लागतं. एकदा असं खरोखर लाइट येऊन होऊ द्या. दुसऱ्यांदा मोटार सुरू होईल तेव्हा खांबावरचा दिवा बंदच दाखवा.

कादंबरीला स्पीकरची अडचण नाही. मांडणीवरची ताटं थरथरतात, बांधलेली गुरं दाव्याला हिसका देतात, आवाजाचं नावही न घेता तो वाचकाच्या कानात उतरवता येतो.

बारव, अंबड

गोदाकाठताई, जमिनीतल्या आवाजाचा प्रसंग लिहाल तो किल्लारीचा भूकंप विसरून लिहिता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती विसर्जनाची रात्र. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्याआधी १९९२ मध्येही त्या भागाला धक्के बसले होते. आणि माणसं मेली ती माळरान ज्याचं कौतुक करतात त्याच घरांखाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर टनावारी माती, झोपेची वेळ. माळवद दाखवायचं तर ते वजन कथेत आलं पाहिजे. नुसता जुना देखणा सेट म्हणून वापरू नये. आणि पडक्या गावठाणात भटकणारे आत्मे दाखवायला माझा साफ विरोध आहे. त्या माणसांचे भाऊ, मुली आज जिवंत आहेत.

माळरान, परभणी

मेलेल्यांना खलनायक करू नये, इथपर्यंत बारव यांच्याशी सहमत. पण तो विषयच वर्ज्य, हे नाही. भूकंपानंतर घरात झोपायला माणसं धजत नाहीत, उघड्यावर झोपतात. भयकथेत नेहमी घर म्हणजे आसरा आणि बाहेर धोका. इथं उलटं आहे. आत छत आहे म्हणून भीती, बाहेर उघडं रान म्हणून जीव वाचतो. पाऊस आला की काय निवडायचं? यात आत्मा लागतच नाही.

ढेळज, लातूर

बघा, तुमच्याच उदाहरणात उघडं रान सुरक्षित ठरलं. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.

ऊसफड, बीड

मगाशी भूत कोणाचं विचारलंत, त्यावर एक मुद्दा राहिला. मराठी वाचकाला तारणहार लागतो, ही खरी अडचण आहे. नारायण धारपांच्या कथेत दुष्ट शक्तींना हरवणारे समर्थ आले की वाचक निर्धास्त होतो. मला धारपांच्या समर्थ नसलेल्या गोष्टी जास्त टोचतात. रत्नाकर मतकरींकडं सोडवायला सहसा कोणी येत नाही, म्हणून त्यांची कथा झोपताना आठवते.

बारव, अंबड

समर्थकथा भयकथा म्हणून मोजूच नका. त्या झुंजीच्या कथा आहेत. शत्रूची ताकद किती आणि ती कशी मोडायची, हा त्यांचा आनंद. त्यात धारपांच्या तोडीचं मराठीत कोणी नाही, आणि ते मी कमी समजत नाही.

गोदाकाठ, नांदेड

माळवदाबद्दल एक कामाची गोष्ट. मातीच्या छतावर कोणी चाललं तर पावलांचा आवाज खाली नीट येत नाही. फळ्यांच्या फटीतून माती झिरपते, एवढंच. त्यामुळे 'वर पावलं वाजली' असं लिहिलेलं दिसलं की कळतं, लेखकाच्या डोक्यात लाकडी मजल्याचं घर आहे. माती आधी रिकाम्या खणात पडू द्या, मग पुढच्या खणात, मग पाळण्यावर.

ढेळज, लातूर

आणि ही माती घरात रोजच थोडीथोडी पडते, हे सुरुवातीच्या दहा मिनिटांत दाखवून ठेवा. सासू झाडू मारताना वैतागून बोलली तरी पुरे. तसं केलं नाही तर लातूरबाहेरच्या प्रेक्षकाला पाळण्यावरच्या मातीचा अर्थच लागणार नाही, आणि मग परत कोणीतरी उभं राहून समजावून सांगेल.