शब्दचर्चा : भयकथा, गूढकथा, प्रेमकथा, प्रणयकथा – वाचकाला पुस्तक सुचवताना कुठला शब्द?

प्रश्न : वाचनालयाच्या देवघेव टेबलावर रोज दोन मागण्या हमखास येतात, ‘एखादी हॉरर द्या’ आणि ‘रोमँटिक काही आहे का?’ आता कपाटांवर पट्ट्या लावायच्या आहेत. भयकथा, भूतकथा, गूढकथा, रहस्यकथा हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? आणि रोमान्सला काय म्हणावं? एके ठिकाणी ‘रोमांचक कादंबऱ्या’ अशी पट्टी पाहिली, आत सगळ्या प्रेमाच्या गोष्टी होत्या.

प्रतिसाद : आधी ती पट्टी काढायला सांगा. रोमांच म्हणजे अंगावरचे केस उभे राहणं, शहारा. रोमान्सशी त्याचं नातं फक्त उच्चारापुरतं आहे. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे भावना दाटली की शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांपैकी, तो एक आहे आणि तो स्पर्शानं, भीतीनं, थंडीनं, हर्षानं, कशानंही येतो. म्हणजे ‘रोमांचक’ म्हटल्यावर पुस्तक प्रेमाचं की भुताचं हे कळतच नाही. आज तर वाचक त्याचा अर्थ साहस किंवा थरार असा घेतो.

भयाकडचे शब्द मात्र एकमेकांच्या जागी मुळीच वापरू नका. रहस्यकथेत कोडं असतं आणि शेवटी ते सुटतं. गूढकथेत ते पुरतं सुटत नाही, किंबहुना सुटू नये हीच तिची गंमत. भूतकथेत भूत हवं, पण भीती हवीच असं नाही; विनोदी भूतकथाही असते. भयकथेचं काम घाबरवणं, मग त्यात भूत असो वा नसो. हे भेद वाचकालाही अंगवळणी आहेत. नारायण धारपांचं नाव निघालं की ‘भयकथा’ आणि रत्नाकर मतकरींचं निघालं की ‘गूढकथा’ हा शब्द आपसूक तोंडी येतो.

याहून महत्त्वाचा भेद रसांचा आहे. भयानक रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, भय; बीभत्साचा जुगुप्सा. बोलीत सांगायचं तर एकानं काटा येतो, दुसऱ्यानं शिसारी. ‘हॉरर’ या एका शब्दात दोन्ही कोंबलेले असतात, आणि नेमका इथेच वाचक दुखावतो. बंद खोलीतल्या पावलांच्या आवाजासाठी आसुसलेल्या माणसाच्या हाती चिरफाडीचं पुस्तक पडलं तर तो पुन्हा त्या कपाटाकडे फिरकत नाही. म्हणून पुस्तक देण्याआधी सरळ विचारावं : ‘रक्तपात चालेल, की नुसती भीती हवी?’

प्रेमाकडे घोळ शेवटाचा आहे. इंग्रजीत रोमान्स हा कादंबरीप्रकार म्हटला की शेवट गोड होणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. आपली ‘प्रेमकथा’ असं कुठलंच वचन देत नाही. ताटातूट, मरण, आयुष्यभराची वाट पाहणं, सगळं त्यात मावतं. संस्कृतात संभोग आणि विप्रलंभ असे शृंगाराचे दोन भेदच आहेत, मीलनाचा आणि विरहाचा. म्हणून ‘रोमँटिक द्या’ म्हणणाऱ्याला ‘शेवट गोड हवा, की रडवणारं चालेल?’ हे विचारणं फार मोलाचं. ‘शृंगारिक’ मात्र टेबलावर टाळावा. रसशास्त्रात तो व्यापक असला तरी बोलण्यात त्याचा अर्थ शारीरच होतो, आणि मागे रांग उभी असताना वाचक लाजून ‘राहू द्या’ म्हणतो. ‘प्रणयकथा’ शुद्ध आहे, पण पुस्तकी.

प्रतिसाद : सहमत. वर्गीकरणही इथे मदतीला येत नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी कथा-कादंबरीचा मूळ क्रमांक ८९१.४६३, त्यात काटा आणि प्रेम खांद्याला खांदा लावून उभे. फरक बोलूनच सांगावा लागतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१च्या पाच सूत्रांतली दोन, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, या नेमक्या बोलण्यावरच उभी आहेत. जाता जाता एक : ज्या ‘कादंबरी’ शब्दाखाली आपण हे सगळं ठेवतो, तो बाणभट्टाच्या प्रेमकथेतल्या नायिकेच्या नावावरून आला आहे. प्रेमकथांना दुय्यम मानणाऱ्यांना हे जरूर सांगा.

प्रश्नकर्ता : मग ‘हॉरर’ पट्टीवर लिहूच नये?

प्रतिसाद : लिहा की. तरुण वाचक तोच शब्द शोधतात. ‘भयकथा (हॉरर)’ अशी पट्टी करा, गूढकथांचा खण वेगळा ठेवा, आणि बीभत्साकडे झुकणाऱ्या पुस्तकांच्या आत, देवघेवीच्या चिठ्ठीवर, ‘रक्तपात आहे’ एवढं पेन्सिलीनं लिहून ठेवा. प्रेमाच्या कपाटावर ‘प्रेमकथा’ पुरे.